लादिस्लाव म्न्याच्को : उशिराची कबुली देणारा बातमीदार

पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने मला स्लोव्हाक लेखक लादिस्लाव म्न्याच्को यांच्याविषयी विचारले आहे. कम्युनिस्ट राजवटीने त्यांना आधी डोक्यावर घेतले आणि मग त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. स्वतः ज्यू नसताना ते इस्रायलच्या बाजूने उभे राहिले. आयुष्यभर स्लोव्हाक भाषेत लिहूनही त्यांनी स्वतंत्र स्लोव्हाकियाला विरोध केला. मग हा माणूस संधिसाधू होता, बंडखोर होता की नुसताच चंचल, आणि आज त्यांना का वाचायचे, असा तिचा प्रश्न आहे. मी अठ्ठावीस वर्षे बातमीदारी केली, त्यानंतर रिपोर्ताजलेखन, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनांवरचे विस्तृत वृत्तलेखन, शिकवत आलो, आणि म्न्याच्कोंची पुस्तके आधी इंग्रजीतून व पुढे जर्मनमधून अनेकदा वाचली. पक्ष, देश किंवा विचारसरणी यांच्या आधाराने पाहिले, तर त्यांच्या आयुष्यातील वळणांचा हिशेब लागत नाही, असे माझे मत झाले आहे. तो लागतो बातमीदाराच्या एका जुन्या दुखण्यावरून, आणि ते दुखणे म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वेळेवर न लिहिल्याचे.

म्न्याच्कोंचा जन्म 29 जानेवारी 1919 रोजी मोराव्हियातील वालाश्स्के क्लोबौकी या लहान गावी झाला. चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र त्या वेळी जेमतेम तीन महिन्यांचे होते. जन्म चेक बाजूचा असला, तरी त्यांचे बालपण स्लोव्हाकियातील मार्तिन या गावात गेले. स्लोव्हाक भाषा आणि संस्कृती यांच्या पुनरुत्थानाचे ते केंद्रच मानले जाते. दोन्ही बाजूंना आपले घर मानणाऱ्या या माणसासाठी 1939 च्या मार्चमध्ये घराच्या मध्यातून सीमारेषा गेली. हिटलरने चेक प्रदेश गिळला आणि स्लोव्हाकियात कॅथलिक धर्मगुरू योझेफ तिसो यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीच्या छत्राखालचे राज्य उभे राहिले. या राज्याने 1942 मध्ये सुमारे 58,000 ज्यूंना देशाबाहेर पाठवले आणि दर माणसामागे जर्मनीला 500 मार्क मोजले. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पंचवीस वर्षांनंतर म्न्याच्कोंनी जे केले त्याचे मूळ मला त्यात दिसते.

1940 मध्ये त्यांनी जर्मनीतून हॉलंडच्या सीमेपलीकडे निसटण्याचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. छळछावणी आणि जर्मनीतील कोळशाच्या खाणीत सक्तीची मजुरी असे दिवस काढून 1944 मध्ये ते पळाले आणि मोराव्हियाच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या छुप्या सैनिकांना, जाऊन मिळाले. तेथे घडलेली एक घटना त्यांच्या सगळ्या लेखनाच्या तळाशी आहे.

प्लोश्तिना ही डोंगरातील विखुरलेली वस्ती होती. तेथील शेतकऱ्यांनी पार्टिझनांना महिनोन्महिने आसरा आणि अन्न दिले होते. 19 एप्रिल 1945 रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध संपायला तीन आठवडेही उरले नसताना, जर्मन तुकडीने या वस्तीला वेढा घातला, घरे पेटवली आणि 24 माणसांना त्या आगीत मारले. जाळणाऱ्यांमध्ये स्लोव्हाक बोलणारे, ह्लिंका गार्ड या तिसोंच्या पक्षाच्या निमलष्करी दलातील लोकही होते. त्या वेळी पार्टिझन तेथे नव्हते. ज्यांच्यासाठी गावाने जीव धोक्यात घातला, ते गाव सोडून गेले होते.

‘मृत्यूचे नाव एंगेल्खेन’ ही म्न्याच्कोंची 1959 ची कादंबरी या घटनेवर उभी आहे. पाठीच्या कण्याला गोळी लागून लुळा पडलेला व्होलोद्या हा तरुण पार्टिझन मुक्ततेनंतर रुग्णालयात पडून आहे. बाहेर विजयाचा जल्लोष चालला आहे, आणि आत याला कुशीसुद्धा वळता येत नाही. आता पळणे नाही, लपणे नाही, गोळी झाडणे नाही. उरले आहे ते फक्त आठवणे. त्या गावात जेवलेली ताटे, तेथील माणसांची नावे, आणि निघण्याचा हुकूम आला तेव्हा आपण काहीही न बोलता निघालो ही गोष्ट. मार्ता ही ज्यू तरुणी जर्मन अधिकाऱ्यांच्या शय्येवर जाऊन पार्टिझनांसाठी माहिती आणते. तिच्या वाट्याला मुक्ततेनंतर सन्मान येत नाही. एंगेल्खेन या जर्मन शब्दाचा अर्थ छोटा देवदूत. गाव जाळणाऱ्या अधिकाऱ्याचे ते नाव आहे, आणि तो जिवंत सुटतो.

ही कादंबरी त्या काळात का गाजली, हे समजण्यासाठी त्या देशातील सरकारी स्मरणाची रीत माहीत हवी. तेथे पार्टिझन हा पुतळ्याचा विषय होता, शंकेचा नव्हे. म्न्याच्कोंनी पुतळा पाडला नाही. त्याच्या पायाशी कोण जळले, एवढेच दाखवले. यान कादार आणि एल्मार क्लोस यांनी 1963 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. पुढे ‘हमरस्त्यावरचे दुकान’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणारी हीच जोडी.

आता अडचणीच्या भागाकडे येतो, आणि तो मऊ करून सांगण्याची माझी इच्छा नाही. 1945 मध्ये म्न्याच्को कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांनी प्रागच्या ‘रूदे प्राव्हो’ आणि ब्रातिस्लावाच्या ‘प्राव्दा’ या पक्षाच्या दैनिकांत काम केले आणि पुढे ‘कुल्तूर्नी झिव्होत’ या लेखक संघाच्या साप्ताहिकाचे संपादकपदही सांभाळले. 1950 चा त्यांचा कवितासंग्रह पोलादाच्या लगडींची गाणी गातो. 1955 चे त्यांचे पुस्तक ओरावा नदीवरील धरणाच्या मुलखाविषयी आहे. नव्या कारखान्यांचा धूर, नवे रस्ते, नवा माणूस हे सारे त्या लेखनात आहे. तुरुंग मात्र त्यात नाहीत. वास्तविक 1952 च्या नोव्हेंबरमध्ये पक्षाचे माजी सरचिटणीस रुडोल्फ स्लान्स्की यांच्यासह 14 जणांवर खटला चालला, 11 जणांना फाशी झाली, आणि आरोपींपैकी 11 जण ज्यू होते, ही गोष्ट आरोपपत्रातच ठळकपणे नोंदवलेली होती. फाशी गेलेल्यांत व्लादिमीर क्लेमेंतिस हे स्लोव्हाक लेखक आणि माजी परराष्ट्रमंत्रीही होते. म्न्याच्को तेव्हा तेहतीस वर्षांचे, अनुभवी आणि सर्वत्र प्रवेश असलेले बातमीदार होते. त्यांना काहीच दिसले नसेल, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

याचे कारण भीती होते असे सरसकट म्हणणेही चुकीचे ठरेल. छळछावणीतून आलेल्या माणसाला ज्यांनी सोडवले त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. शिवाय त्या भूमीत रिपोर्ताज या प्रकाराला जवळजवळ पवित्र स्थान होते. ‘धावता बातमीदार’ म्हणून जगभर ओळखले गेलेले एगॉन एर्विन किश प्रागचे होते. नाझींच्या तुरुंगात चिठोऱ्यांवर वृत्तांत लिहून गेलेले युलिउस फुचिक ‘रूदे प्राव्हो’चेच होते. आपल्या आधीचा बातमीदार सत्यासाठी मरतो आणि तो आपल्याच पक्षाचा असतो, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला पक्ष आणि सत्य यांत अंतर पडू शकते हे मान्य करायला वर्षे लागतात. म्न्याच्कोंना दहाएक वर्षे लागली.

ते अंतर त्यांनी कबूल केले 1963 मध्ये. त्याआधी 1961 मध्ये जेरुसलेमला आडोल्फ आइखमन या ज्यूंच्या हत्याकांडाची व्यवस्था पाहणाऱ्या नाझी अधिकाऱ्यावरील खटला त्यांनी ऐकला होता आणि त्यावर पुस्तक लिहिले होते. मी फक्त हुकूम पाळला, हे आइखमनचे पालुपद ऐकून परतलेला बातमीदार स्वतःच्या देशातील हुकूम पाळणाऱ्यांकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नव्हता, असे मी दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्यावर म्हणतो. तो काळही अनुकूल होता. 1950 च्या दशकातील खटल्यांचा फेरविचार सुरू झाला होता, आणि त्या खटल्यांशी जोडलेले कारोल बात्सिलेक आणि विलियाम शिरोकी हे दोन स्लोव्हाक सत्ताधीश त्याच वर्षी पायउतार झाले. अशा वेळी ‘उशिरा लिहिलेले रिपोर्ताज’ हे म्न्याच्कोंचे पुस्तक ब्रातिस्लावात निघाले आणि त्याच्या सुमारे 3 लाख प्रती खपल्या. स्लोव्हाकियाची लोकसंख्या तेव्हा साधारण 42 लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खपाचे वजन कळते.

खोट्या आरोपांवरून आयुष्यातून उठवलेली माणसे, कागदावरच्या एका शेऱ्याने उद्ध्वस्त झालेली घरे, आणि हे सारे करूनही रात्री शांत झोपणारे स्थानिक अधिकारी यांचे हे पुस्तक आहे. मी वर्गात ते शिकवतो तेव्हा त्यातील भाषेपेक्षा त्यातील ‘मी’कडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. हा ‘मी’ घटनेच्या बाहेर उभा राहून न्यायनिवाडा करत नाही. ज्यांनी अन्याय केला ते त्याच्या ओळखीचे, त्याच्या पक्षाचे, त्याच्याबरोबर बसणारे आहेत. पुस्तकाच्या नावातला ‘उशिरा’ हा शब्द म्हणूनच मोलाचा आहे. दुसऱ्या कोणी ‘दडपलेले’ किंवा ‘बंदी घातलेले’ असे नाव दिले असते आणि दोष सेन्सॉरवर टाकून हात झटकले असते. म्न्याच्कोंनी दोष काळाच्या हिशेबात मांडला, आणि त्या हिशेबात लिहिणाराही येतो.

हे मला इतके जवळचे का वाटते, ते सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. उमेदवारीच्या काळात एका धरणग्रस्त वसाहतीत मी चार दिवस राहिलो होतो. मोबदल्याच्या पावत्यांवर अंगठे होते, आणि ज्यांचे अंगठे होते त्यांनी पैसे पाहिलेही नव्हते. वही भरली होती. मी ज्या दैनिकात होतो तेथे ती बातमी नको होती, आणि मीही मूग गिळून बसलो. नऊ वर्षांनी एका दिवाळी अंकात तो मजकूर आला, तेव्हा त्या वहीतील दोन म्हातारी माणसे हयात नव्हती. त्यांच्यापैकी एकीने मला निघताना शेंगा बांधून दिल्या होत्या. म्न्याच्कोंच्या पुस्तकाचे नाव मी त्यानंतर प्रथमच नीट वाचले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी मात्र पुढची. ‘सत्तेची चव कशी असते’ हे पुस्तक पूर्ण स्वरूपात प्रथम 1967 मध्ये व्हिएन्नामधून जर्मन भाषेत आले. मूळ स्लोव्हाक पुस्तक निघायला 1968 उजाडावे लागले. एक बडा राज्यकर्ता मेला आहे. त्याचे नाव कादंबरीत कोठेही येत नाही. त्याचे कलेवर मानवंदनेसाठी ठेवले आहे, आणि फ्रांक हा छायाचित्रकार, जो त्याचा तरुणपणापासूनचा मित्र आहे, या शासकीय अंत्यविधीची छायाचित्रे काढतो आहे. भिंगातून तो पहाऱ्यावर उभे राहणारे चेहरे पाहतो : कोण किती वेळ उभा राहिला, कोण कोणाच्या शेजारी, कोणाचे दुःख खरे आणि कोणाचे डोळे रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर. प्रत्येक चेहऱ्याबरोबर त्याला त्या माणसाचा जुना काळ आठवतो, जेव्हा हा पुढारी निर्भय होता, थट्टेखोर होता, लोकांत मिसळत होता. पुढे मोटारीचे पडदे बंद झाले, रक्षक वाढले, मित्र कमी झाले, आणि ज्याला कोणाचीच भीती वाटत नव्हती तो सगळ्यांना भिऊ लागला.

वाचकांनी अर्थातच या पुढाऱ्यात ओळखीचे चेहरे शोधले. मला तो शोध दुय्यम वाटतो. या कादंबरीची खरी ताकद निवेदकाच्या व्यवसायात आहे. फ्रांकने हयातभर या माणसाची चांगलीच छायाचित्रे छापायला दिली. जी चांगली नव्हती तीही त्यानेच काढली होती. सत्ता एकट्या सत्ताधीशाने सडत नाही, तिचे तेजस्वी छायाचित्र रोज छापून देणाराही त्यात असतो, ही गोष्ट स्वतः त्या कामात मुरलेल्या माणसाने लिहिली आहे. म्हणूनच पुढाऱ्याविषयीचा राग या पुस्तकात आहे, पण तुच्छता नाही.

त्या उन्हाळ्यात घटना वेगाने घडल्या. जून 1967 मध्ये इस्रायल आणि शेजारची अरब राष्ट्रे यांच्यात सहा दिवसांचे युद्ध झाले आणि चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाच्या पाठोपाठ इस्रायलशी संबंध तोडले. 1948 मध्ये इस्रायलला शस्त्रे पुरवणारा देश हाच होता. वृत्तपत्रांत जी भाषा सुरू झाली तिच्यात अनेकांना स्लान्स्की खटल्याच्या काळाचा सूर ऐकू आला. जूनच्या अखेरीस प्रागमध्ये भरलेल्या लेखक संमेलनात पक्षाच्या धोरणावर उघड टीका झाली. ऑगस्टमध्ये म्न्याच्को इस्रायलला गेले आणि हे जाणे सरकारच्या धोरणाचा निषेध म्हणून आहे, असे त्यांनी पश्चिम जर्मनीच्या वृत्तपत्रातून जाहीर केले. काही दिवसांतच त्यांचे नागरिकत्व रद्द झाले, पक्षातून हकालपट्टी झाली आणि दिलेले सन्मान परत घेतले गेले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हा प्रसिद्धीचा सोस होता. देशात मान, वाचक, घर आणि भाषा असलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा लेखक प्रसिद्धीसाठी हे सारे सोडेल, हे मला संभवनीय वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अरबांच्या दुःखाकडे त्यांनी कानाडोळा केला. तो मी खोडून काढणार नाही. पण त्यांचे बोट मुख्यतः स्वतःच्या देशाकडे होते. ज्या भूमीने माणशी 500 मार्क मोजून आपले ज्यू शेजारी हाकलले आणि दहा वर्षांनी ज्यू असल्याची नोंद करून माणसे फासावर दिली, तिने तीच भाषा तिसऱ्यांदा बोलावी आणि आपण ती मागच्याप्रमाणे निमूट ऐकावी, हे त्यांना शक्य झाले नाही. या वेळी ते उशीर करणार नव्हते.

1968 च्या वसंतात अलेक्झांडर दुब्चेक या सुधारणावादी पक्षप्रमुखांच्या काळात त्यांना नागरिकत्व परत मिळाले आणि ते मायदेशी आले. 21 ऑगस्टला त्या सुधारणा चिरडण्यासाठी वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा देशात शिरल्या. म्न्याच्को पुन्हा बाहेर पडले, या वेळी ऑस्ट्रियात, आणि त्याच वर्षी ‘सातवी रात्र’ हे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. त्या दिवसांचा वृत्तांत आणि स्वतःच्या पक्षनिष्ठेची उलटतपासणी अशी त्याची दुहेरी वीण आहे. जर्मन आवृत्तीच्या उपशीर्षकात लेखक स्वतःला कम्युनिस्टच म्हणवतो. त्यांना पश्चिमेचे लाडके फितूर ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट पाहावी, आणि 1972 मध्ये त्यांनी उत्तर व्हिएतनामच्या बाजूने लिहिलेले पुस्तकही पाहावे.

व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा हे अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर राहूनही वीसहून अधिक वर्षे त्यांना आपल्या वाचकांपर्यंत पोहोचता आले नाही. पुस्तके ग्रंथालयांतून काढली गेली आणि त्यांचे नाव छापणे बंद झाले. हे सारे घडले ते दुब्चेक यांच्या जागी आलेल्या गुस्ताव हुसाक यांच्या राजवटीत. 1950 च्या दशकात हुसाक स्वतः खोट्या आरोपांवरून जन्मठेप भोगत होते. म्न्याच्कोंनी उशिरा का होईना ज्या अन्यायाविषयी लिहिले, त्याच अन्यायाचे ते एक बळी होते. परागंदा काळातील कादंबऱ्या मला त्यांच्या आधीच्या लेखनापेक्षा फिक्या वाटतात. त्यांची प्रतिभा समोरच्या माणसावर, समोरच्या गावावर पोसलेली होती. दुरून लिहिताना ती उपरोधाकडे आणि रूपकाकडे वळली, आणि ते त्यांचे क्षेत्र नव्हते.

1989 मध्ये राजवट कोसळल्यावर ते परतले, तर नवा वाद वाट पाहतच होता. स्लोव्हाक राष्ट्रवाद्यांना तिसोंच्या राज्याची आठवण उजळून हवी होती, आणि म्न्याच्कोंनी त्या राज्याचे अनुभव विसरायला नकार दिला. 1 जानेवारी 1993 ला देश दुभंगला. त्यांनी विभाजनाला विरोध केला होता आणि अखेर ते प्रागला राहायला गेले. कम्युनिस्टविरोधकांच्या लेखी ते जुने स्टॅलिनवादी, जुन्या कम्युनिस्टांच्या लेखी गद्दार आणि राष्ट्रवाद्यांच्या लेखी परके. ब्रातिस्लावाच्या भेटीवर असताना 24 फेब्रुवारी 1994 रोजी त्यांचे निधन झाले.

साहित्यिक म्हणून त्यांच्या मर्यादा आहेत. भाषेची कलाकुसर नाही, कथानकात भावनेचा भर कधी जास्त होतो, आणि काही पात्रे लेखकाचेच म्हणणे मांडायला उभी केल्यासारखी वाटतात. या विद्यार्थिनीने सुरुवात ‘मृत्यूचे नाव एंगेल्खेन’पासून करावी, त्यानंतर सत्तेवरील कादंबरी घ्यावी आणि मग ‘सातवी रात्र’. या तिन्हींचे इंग्रजी अनुवाद आहेत आणि ते जुन्या ग्रंथालयांत मिळतात. 1963 चे रिपोर्ताज जर्मनमध्ये वाचता येतात, आणि जर्मन येत असेल तर मी तेच आधी वाचायला सांगेन. वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या समासात दोन तारखा लिहाव्यात : घटना घडली ती, आणि ती छापून आली ती. मी स्वतः माझ्या प्रतीत तसे केले आहे. म्न्याच्कोंच्या पुस्तकांत त्या दोन तारखांमधले अंतर कसे कमी होत जाते, ते त्या समासात दिसते. प्लोश्तिनाला चौदा वर्षे लागली होती, खटल्यांच्या काळाला दहाएक, आणि 1968 च्या ऑगस्टला काही महिने.